घमेल्याखाली

राजवाडा वेळेवर उघडला, पण दिसला नाही.
अटलांटिकवरून डोंगर चढून आलेलं धुकं
आमच्या आधीच तिकीटखिडकीपाशी उभं होतं,
आणि आम्ही मोजून सात जण,
छत्र्या मिटाव्यात की नाही या विचारात.

मार्गदर्शकाचं नाव एव्हारिश्तु.
गळ्यात मफलर, आवाज पाठ झालेला:
उमरावानं हे सारं बायकोसाठी बांधलं,
ह्या कमानी, हा दगडात गोठलेला फेस,
ही बाग. नेच्यांची झाडं, ड्रॅगनवृक्ष, कॅमेलिया,
सगळं जहाजांतून, ओल्या गोणपाटात गुंडाळून.
ती इथं दोनदा आली.
दुसऱ्यांदा ओलीनं छाती धरली,
लिस्बनला परतली ती परतलीच.
यावर दोन जोडप्यांनी एकमेकांचे हात धरले.
कुणाला तरी शिंक आली.

मी बागेत उतरले.

खाली एक भग्न प्रार्थनाघर आहे,
भग्नच बांधलेलं. गवंड्याला सांगून:
इथं भिंत अर्धीच सोड, छप्पर घालूच नकोस,
इथून वेल चढेल एवढी फट ठेव.
आता दीडशे वर्षांनी ते खरोखरच पडतंय
आणि पडू नये म्हणून
लोखंडी टेकू लावलेत.

टेकूंच्या मागे, अवजारघराच्या पायरीवर
लिओनिल्द डबा खात बसली होती.
गमबूट, नखांत माती,
थर्मासच्या झाकणात कोबीचं सार.
"कोव," झाकण पुढे करत ती म्हणाली.
मी म्हटलं, कोबी.
ती मोडक्या इंग्रजीत हसली:
तेच की, तुझ्याकडे जरा जास्त शिजलाय.

मग बसल्या बसल्या आम्ही दोघी
तिच्या सामानाला हाका मारत सुटलो.
बाल्द. बालदी.
फीता. फीत.
गमेला... ते तर पायाशीच उपडं पडलं होतं,
आमच्या गवंड्यांच्या डोक्यावरचं, काठाला पोचे आलेलं, तेच,
घमेलं.
हे शब्द कुणाच्या गलबतातून कुणाच्या घरात उतरले,
काय देऊन, काय जाळून,
ते त्या सारात आम्ही ढवळलं नाही.

वरची एक खिडकी तिनं चमच्यानं दाखवली, म्हणजे दिशा;
खिडकी धुक्यातच होती.
बाईसाहेब तिथून बाग बघायच्या, असं एव्हारिश्तु सांगतो.
माझी पणजी बागेतून ती खिडकी बघायची.
काचा पुसायचा वार ठरलेला होता, गुरुवार.
बाई असोत, नसोत.

कॅमेलिया पाकळी पाकळी झडत नाही.
टप्प. अख्खं फूलच खाली.
हिरवळीवरची फुलं राहू द्यायची असा नियम आहे,
फोटोंसाठी.
वाटेवरची मात्र नऊच्या आत उचलायची,
पाय घसरतो.
"प्रेमात घसरायला तिकडे हिरवळ आहे," असं काहीसं ती म्हणाली,
निदान मला तसं कळलं.

आणि ह्याचे देतात किती?
मी अंगठा तर्जनीवर घासून विचारलं.
"पगार?" ती म्हणाली.
दोघींच्या माना एकाच बाजूला हलल्या.

दुपारभर मी एकटीच भटकले.
नेच्यांखाली अंधार, तळ्यात एक चिडका हंस,
बाकावर कुणीतरी कोरलेलं नाव
आणि शेजारी त्याच हातानं खोडलेलं दुसरं.

साडेचारला घंटा झाली.
धुकं एकदम वर उचललं गेलं आणि राजवाडा दिसला,
गुलाबी, ओला,
नुकताच पिळून वाळत घातल्यासारखा.
सगळ्यांनी मोबाइल काढले.
लिओनिल्द पाठमोरी खुरपी मोजत होती,
एक कमी भरत होतं बहुतेक, पुन्हा मोजली.
मग मागे न बघताच हात पसरून म्हणाली,
"शाव."

मी घमेलं उचललं.
खाली होती,
गंजलेली, वीतभर लांब,
आणि तिच्याखाली
सुटलेली एक गोगलगाय.