दोन प्रसाद

ऐरोलीत, सेक्टर आठला, औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर
साडेसात ते साडेआठ
मी यादी करायला शिकते.
म्हणजे यादी मला येते. एकोणीस वर्षं डबे पोचवतेय,
कॅलेंडरच्या मागे लिहीत आले
कुणाला भाकरी, कुणाला तेल कमी, कुणाचे पैसे राहिलेत.
पण मुकादम मॅडम, वय बावीस, म्हणतात,
काकू, ती तुम्हाला कळते. ही मशीनला कळली पाहिजे.

चौकोनी कंस उघडायचा. नाव. स्वल्पविराम. नाव.
कंस मिटायला विसरलं तर लाल होते खालची ओळ
आणि चूक असते वरच्या ओळीत.
हे मात्र मला शिकवावं लागलं नाही.

मोजायचं शून्यापासून.
पोरं गोंधळली. मला काही वाटलं नाही,
आमच्या लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण तेच आहे
आणि डबे रोज तिथूनच निघतात.
शून्यावर गुरव. एकवर कुट्टी.
दोनवर ती आसामची मुलगी, जिला वरण आंबट लागतं.
एकतीस डबे, शेवटचा नंबर तीस.
एकतीस म्हणून हाक मारली तर मशीन सांगतं,
इथे कोणी राहत नाही.
मागूनही मोजता येतं, उणे एकपासून.
तिथे आमचा वॉचमन. त्याच्याकडून मी पैसे घेत नाही.
पुढून मोजत गेलं तर त्याच्यापर्यंत कोण पोचतंय?

मंगळवारी एक प्रसाद नोकरी सोडून पुण्याला गेला.
मी लिहिलं, रिमूव्ह, प्रसाद.
मशीननं वरून बघायला घेतलं,
पहिला प्रसाद दिसला, त्याला काढलं.
गेलेला दुसरा होता.
दीड वाजता फोन: काकू, आज माझा उपास ठरवलात का?
कॅलेंडरमागे असं झालं नसतं,
तिथे एका प्रसादपुढे अंड्याचं चित्र आहे.

शुक्रवारी वेगळंच झालं.
मी लिहिलं होतं, उद्याची बरोबर आजची.
मग उद्याचीतून तिघांना काढलं, त्यांना सुट्टी होती.
आजचीतूनही गेले तिघे.
म्हटलं, आजचीला मी हातसुद्धा लावलेला नाही.
मॅडम म्हणाल्या, काकू, यादी एकच आहे.
तुम्ही तिला फक्त दुसरं नाव दिलंत.

पंखा फिरत होता. पोरं पुढच्या गणिताला लागली.

धसईच्या शाळेच्या हजेरीत मी हौसा.
अठराव्या वर्षी, तांदळाच्या ताटात, अंगठीच्या टोकानं
लिहिलं गेलं शैलजा.
मला वाटलं, त्या तांदळात वेगळी बाई तयार झाली.
विकलेली पाटली तिची,
न जगलेला पहिला मुलगा तिचा,
रबाळ्याची बंद पडलेली कंपनी तिच्या नवऱ्याची.
हौसा तिकडे ओढ्यापलीकडे करवंदं खात बसलीय,
तिचं काही गेलं नाही.
बत्तीस वर्षं मी असा हिशोब ठेवला.

प्रत हवी असेल तर तसं मागावं लागतं,
मॅडम फळ्यावर लिहीत होत्या,
आणि केली तरी तिथवरचं सगळं दोन्हीकडे येतं.
पुढचं काय ते वेगळं.

तेवढ्यात भावाचा फोन.
हौसे, तांदूळ पाठवू का, नवा आहे.
हौसे म्हणणारा तो एकटाच उरलाय.
म्हटलं, पाठव, तीस किलो. नाही, चाळीस.
वर्गात आहे. ठेवते.

मग आधीची चूक निस्तरली.
उरलेल्या प्रसादला काढलं,
काढलेल्याला अपेंड करून परत आणलं.
अपेंड केलेला रांगेत मागे उभा राहतो, मध्ये घुसत नाही,
म्हणून तो वॉचमनच्याही मागे गेला.
आता उणे एक म्हटलं की प्रसाद ओ देतो.
मध्ये कसं बसवायचं
ते पुढच्या आठवड्यात शिकवणार आहेत.
तोवर वॉचमनचा डबा
मी न विचारता, हातानं नेऊन देईन.