पर्याय चार

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
जिथं आधी फवारणीचे डबे ठेवायचे
तिथं आता अभ्यासिका आहे.
वास अजून येतो. दोन पंखे, त्यातला एक फिरतो.

बुरडे सर मंगळवारी पवनीहून येतात,
फळ्यावर दर वेळी आधी तेच लिहितात:
विधानात आहे तेवढंच खरं.
बाहेरचं ज्ञान बाहेर, चपलांच्या बाजूला.

मग सगळी मांजरं टेबलं होतात,
काही टेबलं नद्या.
मी हो म्हणते. वनरक्षकाच्या नोकरीसाठी
मी नदीचे चार पायही मोजून देईन.

माझं अडतं ते अनुमानात.
विधान: तलावाच्या काठी बगळे जमले आहेत.
अनुमान: तलावात मासे आहेत.
मी लिहिलं, बहुधा असत्य.
सरांनी लाल फुली मारली, मग कारण विचारलं.
म्हटलं, सर, इतके बगळे एका जागी
म्हणजे पाणी आटलं, गाळ उघडा पडला,
मासे आमच्या लोकांनी कधीच काढून नेले,
आता ते किडे टिपत आहेत.
मासे असते तर पाणकावळे असते.
सर म्हणाले, हे बाहेरचं.
बाहेरचं कसं जी, आमी ढिवर,
आमचं घरच पाळीवर.
वर्ग हसला. फुली राहिली.

आई एक शीत चेपते अन् भात उतरवते.
मी सांगितलं, एकावरून सगळ्यांचं ठरत नाही,
पेपरात ते चूक धरतात.
"मंग का गंजभर भात चेपत बसू?"
तिनं झाकण ठेवलं. भात शिजला होता.

अन् पानठेल्यावर?
विधान एक: ढिवराची प्रणोती सातच्या यष्टीनं उतरते.
विधान दोन: दिघोऱ्याचा रोशनही त्याच यष्टीनं उतरतो.
तिसरं विधान, की त्यानंतर यष्टीच नाही,
कोणी वाचत नाही.
निष्कर्ष खर्ऱ्यासोबत घोटला जातो.
चुकला तर तिथं पाव गुण कापत नाहीत.

फॉर्म भरला त्या दिवशी
सेतू केंद्रातला पोरगा विचारत गेला, मी सांगत गेले.
वडील? हयात, मयत.
दोनच गोल होते.

चार वर्षांमागं बाबा मिरची तोडायला तेलंगणात गेले.
टोळी परत आली.
मजुरीची मिरची आली, पोत्यावर त्यांचं नाव.
कोणी म्हणे वारंगलच्या टेसनावर चहा पीत होते,
कोणी म्हणे तो दुसराच माणूस.
ती मिरची आम्ही वर्षभर खाल्ली. तिखट होती.

मागं रांग होती. रकान्यावर लाल तारा,
सोडून पुढं जाता येत नाही.
आईच्या कपाळावर कुंकू आहे:
माझ्याजवळ विधान तेवढंच.
हयात, मी म्हटलं.

परीक्षा नागपूरला, हिंगण्याच्या पुढं.
दारात मनगटाचा धागा कापला, कानातलं काढायला लावलं.
प्रश्न चौसष्ट.
विधान: सुरेशनं पाठवलेलं पार्सल घरी पोचलं आहे.
अनुमान: सुरेश सुखरूप आहे.
निश्चित सत्य. बहुधा सत्य. असत्य.
दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही.

कोपऱ्यातलं घड्याळ उलटं मोजत होतं.
त्या एका प्रश्नावर मी पुढचे तीन घालवले.
पोत्याला वास होता, तो मी आत येऊ दिला नाही.
चार दाबला.
किती साधा होता तो गोल,
सेतू केंद्रात का नव्हता?

सातच्या यष्टीनं उतरले.
पानठेल्यानं पाहिलं, पाहू दिलं.
पाळीवरच्या वाळल्या खुंटावर पाणकावळा,
पंख पसरून, एकटाच.
एकावरून ठरत नाही, मला माहीत आहे.
तरी घरी जाऊन आईला म्हटलं,
जाळं काढून ठेव.