मंगळवार, सकाळी अकरा

कापशीच्या कोल्ड स्टोरेजमागे, निंबाखाली,
पिवळ्या खोक्यात दोनशे पन्नास केव्हीए झोपलेला असतो.
दर मंगळवारी अकराला त्याला उठवायचं.
लाइट असली तरी. असली म्हणूनच.

शालिकभाऊ उईके डावा कान पुढे करून उभे राहायचे;
उजवा सतरा वर्षांत सेटनंच खाल्लेला.
माझं नाव प्रणोती. त्यांच्या जिभेवर ते पनोती व्हायचं.
"पाह्य वं पनोती, इंजिनाले रिकामं फिरवू नोको.
रिकामं फिरलं का काजळी धरते,
न जळलेलं डिझेल पायपातून गळते, काळं काळं,
मंग वखत आला का दमते.
लोड दे त्याले. दोन कॉम्प्रेसर तरी दे."

सारडाशेठ खिडकीतून ओरडत,
"लाइट आहे ना? मग कशाला जाळता?"
शालिकभाऊ हाताचं ग्रीस पुसत.
"हाव शेठ, हाये ना."
आणि जाळत राहत, पुरा अर्धा तास.

टाकीच्या तळाचं पाणी बाटलीत धरून उन्हात बघायचं.
बॅटरीच्या टोकांवर उगवलेलं हिरवट पांढरं
गरम पाण्यानं धुवायचं, वर व्हॅसलीन.
रेडिएटरच्या जाळीतून शेजारच्या जिनिंगचा कापूस वेचायचा,
नाहीतर भर मे महिन्यात इंजिन रजई पांघरून बसतं.
बॅटरी बारा पॉइंट सहा दाखवते, त्यावर जायचं नाही;
स्टार्टर फिरताना किती पडते ते बघायचं.
माणसांचंही. हे मी म्हणते, ते म्हणाले नव्हते.

आकाश साफ असलं की गच्चीवरून
कोराडीच्या चिमण्या दिसतात.
वीज तिथंच शिजते, आमच्या उशाशी,
आणि आम्ही खाली डिझेल मोजतो.

फेब्रुवारीत ते रिटायर झाले.
शेठनं शाल दिली. नागपुरात, उन्हाळ्याच्या तोंडावर.

मे. रात्रीचे दोन वाजून दहा.
दिवसा शेहेचाळीस होतं, भिंती अजून तापलेल्या.
वॉचमन खंडातेचा फोन: "मॅडम, लाइट गेली."
मग?
"मग काईच नाई."
त्या काईच-नाईत मी स्कूटी काढली.
वाठोडा, रिंग रोड, एकोणीस मिनिटं,
डोक्यात नऊ हजार पोती भिवापुरी मिरची.

बॅटरी ठीक. डिझेल ठीक. बेल्ट ठीक.
पॅनेलवर टॉर्च मारला:
सिलेक्टर 'मॅन्युअल'वर.
सोमवारी फिल्टर बदलताना मीच फिरवला होता,
हात आत असताना सेट जागा होऊ नये म्हणून.
परत फिरवायचा राहिला.

'ऑटो'.
खोकला. धूर. अकराव्या सेकंदाला कॉम्प्रेसरनं श्वास घेतला.
आत चारचे सहा झाले होते.
मिरचीला कळलंही नसेल.

लॉगबुकात 'कारण' या रकान्यात
आधी लिहिलं: तांत्रिक.
मग खोडलं. लिहिलं:
प्रणोती नंदनवार विसरली.

सकाळी पारडीला गेले.
शालिकभाऊ प्लॅस्टिकच्या खुर्चीत, समोर टीव्ही, आवाज बंद.
"आराम सांगतला डॉक्टरनं. बसून राह्यतो.
तरी दमच लागते, काहून तं समजत नाई."
मी सगळं सांगितलं.
ते इतके हसले की खोकला आला.
"मीबी इसरलो होतो, पयल्याच वर्षी.
मिरची नव्हती वं तवा.
आइस्क्रीम होतं."
लॉगबुकात काय लिहिलं होतं?
"तांत्रिक," ते म्हणाले, आणि टीव्हीकडे बघू लागले.

घड्याळात दहा वाजून पाच.
म्हटलं, चला. मंगळवार आहे.
शाल खुंटीवर तशीच. चप्पल शोधायला वेळ लागला.

अकराला मी मेन पाडला.
त्यांनी डावा कान पुढे केला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग: "बेल्ट ढिला हाये."
रात्रीच बघितलाय मी, ठीक आहे.
"ढिला हाये म्हनतो ना."

सेट बंद करून बोटानं दाबून पाहिला.
होता.