पुळणीवर दोन पत्रं

हर्णैचा चारचा लिलाव ओसरलाय.
बाबा उलट्या क्रेटवर बसून पत्रं ऐकतायत.

मेनचं कॉलेज: खिडकीतून समुद्र,
आणि वर्षाला चार हजार डॉलर आपले.
ओहायोचं: सगळं माफ,
भोवती मका, नुसता मका.

फॉर्मवर बंदीच्या दोन महिन्यांपुढे
मी उत्पन्न शून्य लिहिलं, तेव्हा ते
पाठमोरे जाळं शिवत होते.

"चार हजार म्हणजे?"
सांगितलं.
ते होडीकडे बघत राहिले. मग इंजिनाकडे.
"आणि त्या मक्यापासून समुद्र?"
"गाडीनं दहा तास."
"भरतीला की ओहोटीला?"

हसलो दोघंही.

मग बंदराच्या भिंतीवर चढून, रेंज शोधत,
मी ओहायोला हो म्हटलं.
खालून बाबांनी विचारलं,
परतल्या होडीला विचारतात तसं:
काही लागलं का?