चार मिनिटं काळोख

नाम हे त्यांचं आडनाव. नाम ग्वान-सिक.
डरहॅम स्टेशनवर उतरले, अंगात मापापेक्षा मोठा कोट,
हातात एकच पिशवी.
मी म्हटलं, आमच्याकडे नाम म्हणजे नाव.
म्हणाले, मग निम्मी ओळख झाली.

हेझलडेनला न्यायचं होतं, खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये,
जिथे आता मंगळवारी झुंबा, शुक्रवारी फूड बँक.
गाडीत विचारलं, तुम्ही काय करता?
छातीच्या दवाखान्यात असते. माणसांना नळीत फुंकायला लावते.
किती वेळ?
सहा सेकंद. आधी थांबलात तर पुन्हा.
बाहेर खाणीच्या मातीचे ढीग, ढिगांवर गवत, गवतावर मेंढ्या.
"आमचे अजून काळे आहेत."

बाकीचं आयुष्य हॉलच्या पत्रकात होतं:
रिळं किमचीच्या रांजणात लपवलेली,
चार महिने तुरुंग, तिथे जेलरच्या मुलाला इंग्रजी शिकवलं
(हे चूक, ते म्हणाले. गणित.)
मग कुत्र्यावरचा एक सिनेमा, तुफान चालला.
त्या कुत्र्यानं नऊ वर्षं पोसलं त्यांना,
आणि शिलाईवाल्या मुलींना, जहाजं रंगवणाऱ्यांना,
पाडलेल्या वस्तीतल्या मास्तरला.
अकरा सिनेमे. एकातही कुणी भाषण करत नाही.

लावला तो पहिला. तेबेकची खाण.
बापाचं काम त्यांच्या बापानंच केलेलं.
पोरगा हाक मारतो, आबोजी!
मी खुर्चीत सावरून बसले.
पाटगावात माझ्या वडिलांना सगळे आबाजीच म्हणत.

सेन्सॉरनं चार मिनिटं कापली होती.
घोषणा नाही, झेंडा नाही,
पहाटे अंथरुणात बसून एक माणूस खोकतो, एवढंच.
तो तुकडा परत मिळाला नाही.
त्या जागी त्यांनी तेवढीच काळी फीत चिकटवली. मुकी.

हॉल अंधारला. कुणी म्हणालं, बल्ब गेला काय?
मग तिसऱ्या रांगेत सिरिल प्राउड खोकला.
तो खोकला मी कुठेही ओळखीन.
मग दाराजवळून एक. मग खिडकीपाशी,
गाळात रुतलेला पोहरा ओढावा तसा, खालून.
या देशात पहिल्यांदाच
कुणी सॉरी म्हटलं नाही.
नाम भिंतीला टेकून उभे, मनगटावरच्या घड्याळात बघत.

उजेड आला तेव्हा आबोजी कामाला निघाले होते.

एका मुलीनं विचारलं, सिनेमानं काही बदलतं का?
दुभाषी थांबली. ते थांबले.
"खाणीच्या न्हाणीघराला दार नव्हतं. सिनेमानंतर कंपनीनं बसवलं.
थंडीत उपयोग झाला."
मग: "खाण बंद पडली. दार आहे."

परतताना चिप्स घेतल्या, व्हिनेगर जास्तच झालं.
सहा सेकंद कसे मोजता?
यंत्र मोजतं. मी फक्त म्हणत राहते, अजून, अजून, अजून.
तुमच्या भाषेत म्हणा.
म्हटलं.
त्यांनी गाडीच्या काचेवर फुंकलं,
वाफेचा गोल वाढत गेला,
चाराला थांबले.
पुन्हा, मी म्हटलं.