बिननंबरची

बिलाल सोलकरने किनाऱ्यावरचा धंदा गुंडाळला.
पॅराशूट गेलं, केळ्याच्या आकाराची ती पिवळी बोट गेली,
मागे राहिली ही. लाल, चारशे सीसीची,
मडगार्डवर कुणा पर्यटकाने किल्लीने कोरलेलं अर्धं नाव.
"लाख दे आणि ने."
"कागद?"
"कागद कसले? डांबरावर आणलीस तर तुझं तू बघ."

टेम्पोत चढवली, वर ताडपत्री,
म्हशीसारखी चारी बाजूंनी दाव्यांनी बांधून
आणली नाट्याला.
वैजयंती हात पुसत बाहेर आली, एक फेरी मारून बघितली.
"मागची सीट कुठाय?"
सीट एकच. टाकीवर तसं चित्रच आहे,
मागे बसलेल्या माणसावर लाल काट मारलेली.
ते तिने नीट वाचलं
आणि आत गेली.

रात्रभर मी बर्फाच्या कारखान्यात असतो,
अमोनियाच्या वासात, कॉम्प्रेसरच्या काट्यावर डोळा लावून.
काटा हलू नये, याचा मला पगार मिळतो.
सातला पाळी सुटते, घरी येतो, चहा,
आणि मग अंगठा.
हिची मूठ पिरगळायची नसते.
उजव्या अंगठ्याखाली एक पातं असतं, बेल दाबावी तसं दाबायचं,
की पाठीत कुणीतरी गुडघा घालतं
आणि सडा सुटतो खालून.

सडा लांबून सपाट.
जवळ गेलं की फोड आलेल्या भाकरीसारखा.
जांभ्याला दात असतात, माझ्या पोटरीला विचारा.
बैलगाड्यांनी घासून ठेवलेल्या दोन चाकोऱ्या आहेत,
त्यांत माझी चाकं बसत नाहीत, चार बोटं कमी पडतात,
म्हणून एक बाजू चाकोरीत, एक कातळावर,
सीटवरून उठून, अंग उलटीकडे टाकून,
गुडघे टाकीला,
लाटेवर होडीत खलाशी उभा राहतो तसा.
चिरेखाणीचा उतार, करवंदीच्या जाळ्या,
मग वळणावर एकदम खाली समुद्र, इतका जवळ
की दरवेळी ब्रेक एक क्षण आधीच दाबला जातो.

खारा वारा मात्र सोडत नाही.
दर रविवारी चेन डिझेलने धुतो,
बेअरिंग कोल्हापूरहून येतं, तेही चुकीचं.
पायठेवणीचा बोल्ट होडीच्या इंजिनाचा आहे.
चालतो.

वाट अनसूया ठुकरूलच्या कलमांच्या गडग्याला चिकटून जाते.
एका सकाळी ती मधोमध उभी, हातात कोयती.
म्हटलं, झालं, वाट बंद.
तर म्हणते,
"रोज येशील काय रे? तुज्या आवाजाक वांदर पळतत."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चैनीला कुणी काम दिलं.
मोहोर जाऊन कैऱ्या धरेपर्यंत रोज दोन फेऱ्या,
बदल्यात हंगाम सरताना एक पेटी, बारक्या फळांची.
नऊ दिवस वानर पळाले.
दहाव्या दिवशी गडग्यावर बसून राहिले.
नंतर एकदा मी करवंदीआड पाच मिनिटं गेलो, परत येतो तर
एक थोराड नर सीटवर,
हात मांडीवर,
सलूनमध्ये नंबर लावून बसल्यासारखा.
काकी पदर तोंडाला लावून हसत होती.
"मार त्येका एक फेरी," म्हणाली, "येकट्याचीच शीट हा ना?"
पेटीचं काय, ते मी विचारलं नाही.

काल पाळीवरून आलो, सवयीने इंजिनाला हात लावला.
चटका.
अंगणाच्या ओल्या मातीतून सड्याकडे
चार चाकांचा माग, फणसाजवळ जरा रुंद वळलेला,
तुळशीपासून वीतभर अंतरावरून.
मी हेल्मेट उचललं. आत केसांत माळायची एक पिन.
चुलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.
"तिसरा गिअर अडकतो,"
ती आतूनच म्हणाली.