बरं झाल्याचा पुरावा

सेगेदमध्ये शनिवारी सकाळी
तिसा नदीवरचं धुकं अजून पुलाखालीच रेंगाळत असतं
तेव्हा हाल्मोश एमेशे
(तिकडे आडनाव आधी)
तळघरातला दिवा लावते.
पहिली सुई सातला.
मग दर तासाला एक.
सात सुया, आठ उंदीर,
शेपट्यांवर मार्करने ओढलेल्या रेघा:
एक, दोन, तीन, वाढत सातपर्यंत.
आठव्याला फक्त एक ठिपका.

औषध मूळचं एका बेडकाच्या कातडीतलं.
ऑस्ट्रेलियात कुणाच्या तरी न्हाणीघरात
भिंतीला चिकटून बसणारा हिरवा, गुबगुबीत जीव.
आता ते कारखान्यात बनतं, पांढरी भुकटी,
पण बाटली हलवताना एमेशेला तोच दिसतो,
डोळे अर्धे मिटलेला,
या सगळ्यात आपलं काय काम अशा चेहऱ्याचा.

स्वादुपिंड.
आपल्याकडे किती गोड नाव ठेवलंय कुणीतरी!
जठरामागे आडवा पडलेला फिकट कोठीवाला,
अन्न विरघळवणारे रस कुलपात ठेवून
वेळेवर मोजून देणारा.
सुई ते कुलूप आतल्या आत उघडते.
मग कुंपणच शेत खातं.
एमेशेची आजी म्हणायची,
बोकडाला कोबी राखायला ठेवला.
वहीत मात्र एवढंच: सूज. पाणी. पेशींत पोकळ्या.

तिसऱ्या सुईनंतर ती चेहरे बघते.
उंदराच्या चेहऱ्यावरचं दुखणं मोजायचीही पट्टी असते,
डोळे बारीक, कान मागे, गाल फुगलेले, मिशा ताठ;
शून्य, एक, दोन.
चार रेघांवाल्याला दोन.
ती वेदनाशामक टोचते, वेळ लिहिते,
आणि उगाच स्वतःचे डोळे मोठे करते,
जणू तिलाही कुणी मोजतंय.

माकोचा बोल्दिझार मामा
कांद्याच्या शेतावरून आला की
आलुबुखाराची दारू घ्यायचा.
तीस वर्षं. ग्लास कधी मोजले नाहीत.
एका नाताळात पोट धरून फरशीवर बसला,
डोकं गुडघ्यांत,
काहीतरी सांडलेलं शोधत असल्यासारखा.
एकोणीस दिवस इस्पितळात. विसावा नाही.

उंदराला नुसती दारू पाजून हा आजार होत नाही.
लोकांनी पाजून पाहिलीय, महिनोन्महिने.
तो झिंगतो, झोपतो, उठून दाणे खातो.
मामाला हे सांगितलं असतं
तर टेबलावर थाप मारून म्हणाला असता,
मग जन्म चुकलाच की माझा!

आणि खरी अडचण पुढेच आहे.
सुया थांबल्या की उंदीर बरा होतो.
दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात फुगून बसलेला,
तिसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या ओढून घरटं लावतो,
सातव्या दिवशी काचेखाली
सगळं जागच्या जागी, गुलाबी,
लग्नघरातल्या ताटांसारखं ओळीत मांडलेलं.
पण काचेखाली पाहायचं
म्हणजे आधी मारायचं.
बरा झाला, याचा पुरावा
बऱ्या झालेल्याच्याच पोटातून काढायचा.

ठिपकेवाल्याला सातही वेळा नुसतं मिठाचं पाणी.
त्याला काहीच झालेलं नव्हतं.
काहीच न होणं कसं दिसतं
हे दाखवायला तोही लागतो.
त्याला उचलताना तो तिच्या हातमोज्याचा वास घेत होता,
ओळखीचा असावा.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी
आईने मासळीचा लाल रस्सा केला होता,
तिखट, भावाला आवडायचा तसा.
उंदीर कसे आहेत, तिने विचारलं.
बरे झाले, एमेशे म्हणाली, सगळे,
आणि पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून
तसाच धरून राहिली,
मऊ पडून त्याचा अर्धा भाग
खाली बसेपर्यंत.